बसणाऱ्यांचा नकाशा

२ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फाडणार नाहीस, असं गृहीत धरते. फाडायचंच असेल तर निदान पुढचा परिच्छेद वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा उरला पोस्टमन. त्याला काही तू ब्लॉक करू शकणार नाहीस.

तर पुढचा परिच्छेद. जानेवारीपासून मी एका विद्यापीठात काम करते आहे. काल आईचा फोन आला (तू अंघोळीला गेलास की ती करते; आता कळलं म्हणून तिला बोलू नकोस) आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की तुझी भिंगरी याच विद्यापीठात शिकते. दुसरं वर्ष, यंत्रांची शाखा. मला खरंच माहीत नव्हतं रे. काम घेताना नव्हतं, काल दुपारपर्यंत नव्हतं. तू म्हणशील ही मुद्दाम तिथे जाऊन बसली. कोणी तरी काम दिलं, मी घेतलं, एवढंच.

तुझी अट लक्षात आहे. वहिनी गेल्यावर मी म्हणाले होते की पोर वर्षभर माझ्याकडे राहू दे, आणि तू दारात उभा राहून म्हणालास, "झाडं तुझी, मूल माझं. माझ्या घरात काही लावायला येऊ नकोस." तेव्हापासून मी तिला पाहिलेलं नाही. तेव्हा ती तुझ्या कमरेएवढी होती. आता रस्त्यात समोरून आली तरी ओळखणार नाही मी. म्हणून विचारते आहे, भेटू का तिला? पोस्टकार्डावर 'हो' नाही तर 'नाही' लिही, सहीसुद्धा नको. उत्तर येईपर्यंत मी तिच्या वर्गाकडे फिरकणार नाही, हॉस्टेलची पायरी चढणार नाही. शब्द देते.

एवढ्यावर पत्र संपवलं तर फारच वकिली वाटेल, म्हणून कामाचं थोडं लिहिते. मुलांना स्वस्थ बसता येईल अशी जागा करायची आहे. वाचनालय आणि हॉस्टेलांच्या मधे एक दुर्लक्षित तुकडा आहे. जुनं तळं, बंद पडलेलं पंपघर, पलीकडच्या काठावर उंच झाडांची रांग, आणि गुडघ्याएवढं गवत. समितीने मला तीन पानं भरून शब्द दिलेत. चिंतन, स्वास्थ्य, निसर्गाशी नातं. कुलसचिवांना मात्र रंगीत दिव्यांचं कारंजं हवंय. मी म्हटलं कारंज्याचा आवाज होतो. तर म्हणाले, "मग शांत कारंजं बसवा."

माझी पद्धत तुला माहीत आहे. आधी काहीच काढायचं नाही. झाडांखाली घडीचं स्टूल टाकायचं, फळीवर त्या जागेचा नकाशा लावायचा, आणि दिवसातून अनेकदा बघायचं की कोण कुठे बसलंय. बसलेल्या प्रत्येक माणसाचा एक ठिपका. एकटं असेल तर लाल, सोबत कोणी असेल तर निळा. बाजूला वेळ. महिनाभरात कागद आपोआप बोलायला लागतो. तू हसायचास, "माळीणबाई माणसांवर डास बसवतात" म्हणून. हस. पण मला नकाशा वाचायला तूच शिकवलास, ही चूक तुझी.

या नकाशावर एक जागा आहे, पंपघराची दगडी पायरी. तिथे लाल ठिपक्यांवर लाल ठिपके पडून कागद खरखरीत झालाय. करड्या टोपीचं जॅकेट घालून एक मुलगी येते आणि तळ्याकडे तोंड करून बसते. टोपी कपाळावर ओढलेली असते आणि मधे सगळं पाणी, त्यामुळे चेहरा काही दिसत नाही. पण बसणं बघावं. हलत नाही, डुलत नाही, फोनमध्ये डोकं घालत नाही. अशी बसणारी माणसं आमच्या धंद्यात भाग्यानं भेटतात. मी तिला 'माझी बसणारी' म्हणते. आपली भिंगरी आठवते का, जेवतानासुद्धा ताटाभोवती फेऱ्या मारायची? घास घेऊन तिच्यामागे धावताना वहिनीचं वजन उतरलं होतं.

पोस्टकार्ड टाक.

तुझी
माळीणबाई


१९ फेब्रुवारी

दादा,

पत्र उघडलेलं आहे आणि तुझ्या टेबलावर पट्टीखाली आहे, ही बातमी माझ्यापर्यंत पोचली. कशी पोचली ते विचारू नकोस. उघडलंस म्हणजे वाचलंस. 'हो' नाही, 'नाही'सुद्धा नाही. म्हणजे मी काय समजायचं?

मी नियम पाळते आहे. जेवणाच्या सुट्टीत पोरींचे घोळके अंगावरून जातात तेव्हा नकाशात तोंड खुपसून बसते, न जाणो त्यात ती असली तर. पिकल्या केसांच्या बाईने असं चोरासारखं बसावं, हे तुला बरं दिसतं का, ते तूच ठरव.

समितीपुढे आराखडा मांडला. पहिलंच चित्र 'माझ्या बसणारी'चं होतं. वाचनालयाच्या जिन्यातून तिचा पाठमोरा फोटो काढला होता. करडं जॅकेट, पुढे पाणी, बाकी काही नाही. मी म्हटलं, ही बघा, या मुलीला आपण काहीही दिलेलं नाही, तरी तिने आपली जागा शोधली. आपण फक्त ती जपायची. मग नकाशा दाखवला. त्या पायरीभोवती चारही बाजूंनी बांबूची दाट लावणी, आत जायला एक फट. आतलं माणूस कोणाला दिसणार नाही, त्याला कोणी दिसणार नाही. छप्पर नसलेली एकांताची खोली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलसचिव तर खुर्चीतून अर्धे उठले. "हेच. हेच पाहिजे आपल्याला. हा फोटो मोठा करून गेटवर लावू." मी हो म्हटलं. दादा, मी हवेत होते.

चहा झाल्यावर जिन्याशी समुपदेशक बाईंनी मला गाठलं. मुलांच्या मनाचं बघणाऱ्या इथल्या बाई. बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मला वाटलं, कौतुक करायला आल्यात.

"ती बसते तेव्हा काय करते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तेच तर."

"पुस्तक असतं? डबा? एखादी मैत्रीण कधी?"

"नाही. एकटीच."

"आणि केव्हा केव्हा बसते?"

मी नकाशाची गुंडाळी उघडून वेळा दाखवल्या, अगदी ऐटीत. सकाळ, मधली वेळ, दुपार, सगळीकडे ती होती. बाईंनी बोट फिरवत फिरवत सगळे ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, "मग ही वर्गात कधी असते?"

मला राग आला. खरं सांगते, रागच आला. माझ्या सुंदर कागदावर कोणी चहा सांडावा तसं वाटलं. काही तरी उत्तर ठोकून निघून आले. पण ते वाक्य माझ्यामागे खोलीपर्यंत आलं आणि तेव्हापासून जात नाही. मी, तुला माहीत आहे, गॅस बंद केला का ते बघायला दोनदा माघारी जाणारी बाई. आता दिवसभर तेच चाललंय. काही न करता बसलेल्या माणसाला आम्ही कागदावर शांत म्हणतो. ते शांत आहे की नुसतं थांबून राहिलंय, हे ठिपक्यावरून कळत नाही. हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं कसं नाही? मी स्वतःला तरी का नाही विचारलं?

कोणाची तरी पोरगी असेल. घरी फोनवर सांगत असेल की सगळं छान चाललंय. घरचे निर्धास्त असतील.

कुलसचिवांना जाऊन सांगितलं की फोटो राहू द्या, तिला विचारलेलं नाही. म्हणाले, "अहो, पाठमोरी तर आहे. कोण ओळखतंय?" पाहतो म्हणाले. कुलसचिव पाहतो म्हणाले की मला धडकी भरते.

तुझं पोस्टकार्ड आलं असतं तर बरं झालं असतं. या दिवसांत आपलं कोणी तरी जवळ असावं असं फार वाटतं आहे.

माळीणबाई


२८ फेब्रुवारी

दादा,

नियम मोडला. मी मोडला की तिने, ते मागाहून ठरव. आधी खुर्चीत बस.

'माझी बसणारी' म्हणजे भिंगरी आहे.

झालं असं. बाईंचं ते वाक्य सहन होईना, म्हणून काल मी स्टूल सोडून तळ्याला वळसा घालून पंपघराकडे गेले. म्हटलं, निदान जवळून पाहावं की मुलीजवळ एखादं पुस्तक आहे का, पाण्याची बाटली आहे का. मी येतेय असं दिसल्यावर ती उठून उभी राहिली. पळेल असं वाटलं. पळाली नाही. तिने टोपी मागे सारली आणि वहिनीचं कपाळ समोर आलं. कान तुझे आहेत, बिचारीचे.

"आत्या, तू इकडे का आलीस?" ती म्हणाली. "तू तिकडेच बस ना."

मीच त्या पायरीवर बसले. मला वाटलं, तुझ्या भीतीने म्हणते आहे. बाबांनी बोलायचं नाही म्हटलंय, तर आत्याने लांबच राहावं, असं. मी म्हटलं, पोरी, मी तुला ओळखलंसुद्धा नाही. ती म्हणाली, मी ओळखलं होतं, पहिल्याच दिवशी. तू अजून पेन्सिल कानावर ठेवतेस आणि मग सगळीकडे शोधतेस.

ती ठीक आहे. जरा वाळली आहे, पण ठीक आहे. जेवते म्हणाली. झोप लागते म्हणाली. जॅकेटचं कोपर फाटलंय त्याला तिने निळ्या कापडाचं ठिगळ लावलंय, छान लावलंय, म्हणजे हात ठीक चालतात. एकूण ठीक आहे.

किती वेळा लिहिलं मी ते? खोडत नाही. तुला पत्रात खोटं लिहायला बसले की माझं असंच होतं.

आम्ही काय बोललो ते मला सांगता येत नाही. तिने माझ्याकडून शब्द घेतलाय. "बाबांना सांगितलंस तर मी इथेही बसणार नाही," असं म्हणाली. ते 'इथेही' मी काल रात्रभर उलटसुलट करून बघितलं. समुपदेशक बाईंना मात्र तिच्या परवानगीने बोलावलं. त्या आल्या, आमच्यापासून थोड्या अंतरावर गवतात बसल्या, आणि बराच वेळ तळ्यातल्या बदकांना नावं ठेवत होत्या. जाताना भिंगरीला म्हणाल्या, उद्याही मी याच वेळेला येते, तुला वाटलं तर बोल. आज गेले तर दोघी बसल्या होत्या. बोलत होत्या की नाही, माहीत नाही. मी तिकडे गेलेच नाही, लांबून बघितलं आणि स्टुलावर येऊन बसले.

तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप. पण नकाशा म्हणजे काही तोंड नव्हे. सोबत त्या कागदाची नक्कल पाठवते आहे. पंपघराच्या पायरीवरचे लाल ठिपके बघ आणि प्रत्येकाशेजारची वेळ बघ. तिच्या वर्गांचं वेळापत्रक तू फ्रीजवर चिकटवलं आहेस, असं ऐकते. हा कागद त्याच्याशेजारी लाव. तू मोठमोठ्या इमारतींचे नकाशे वाचणारा माणूस आहेस, हा तर एका पायरीचा आहे.

यात माझा शब्द मोडला असेल तर मोडला. तिला माझा राग येईल तो मी झेलीन. तूही रागव, हवा तेवढा रागव, पण माझ्यावर. तिला फोन करून लगेच काही विचारू नकोस. हे सांगायचा मला अधिकार नाही, हे ठाऊक आहे. तरी सांगते आहे. परत तेच करते आहे ना मी, तुझ्या घरात लावायला येते आहे? येते आहे, दादा.

तुझी बहीण


६ मार्च, दुपार

दादा,

भिंगरी सापडत नाही.

तुला सकाळपासून फोन लावते आहे. मग आईला लावला, म्हटलं दादाकडे दे. ती जाऊन आली आणि म्हणाली, तो कामात आहे म्हणतो. आईला घाबरवायचं नाही म्हणून म्हटलं, असू दे, सहज केला होता. सहज! तिने विचारलं, तुला सर्दी झालीय का.

आज सकाळी मेन गेटवर तो फलक लागला. माणसाच्या दुप्पट उंचीचा. तळं, पायरी, करड्या जॅकेटमधली पाठ, आणि वर फुलापानांच्या नक्षीत 'शांततेच्या कुशीत'. कोण ओळखतंय, म्हणाले होते. अरे, कोपरावरचं निळं ठिगळ ताटाएवढं दिसतंय. हॉस्टेलच्या नाश्त्यालाच सगळ्यांना कळलं. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणी तरी लिहिलं, "हिची हजेरी आता गेटवर लागते." त्याच्याखाली हसणारी तोंडं, रांगेने. खोलीतल्या मुलीने मला दाखवलं. ती स्वतः रडत होती.

भिंगरीचा फोन पलंगावरच आहे. सकाळी केव्हा बाहेर पडली, कोणी पाहिलं नाही.

बाई आणि पहारेकरी शोधताहेत. वाचनालय, गच्च्या, बसथांबा. मला कुलसचिवांच्या खोलीत बसवून ठेवलंय, काही निरोप आला तर कोणी तरी घरचं असावं म्हणून. घरचं! माणूस समोर बसून एकसारखा पाणी देतो आहे. त्याच्याशी भांडायलाही माझ्यात जीव नाही. त्याच्याच टेबलावरच्या कागदावर लिहिते आहे, कारण हात गप्प राहत नाहीत.

बाई मघाशी येऊन सांगून गेल्या, तळ्यावर पाहिलं, तिथे नाही. 'तिथे' म्हणजे पायरीवर की पाण्यात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला इथे बसवत नाही. जाते. स्वतः बघून येते.


संध्याकाळ

सापडली. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण वर आता जागा नाही. भिंगरी सापडली, धडधाकट आहे, माझ्या खोलीत झोपली आहे. तू आता श्वास सोड. मी सोडला आहे, दुपारनंतर प्रथमच.

कुठे होती सांगू? माझ्या स्टुलावर. पलीकडच्या काठावर, झाडांखाली, माझी फळी मांडीवर घेऊन. मी सकाळी स्टूल टाकलं आणि फलकाचं कळताच सगळं तिथेच सोडून कुलसचिवांकडे धावले होते. पहारेकऱ्यांनी लांबून तिला दोनदा पाहिलं, आणि 'बाई बसल्यात नेहमीसारख्या' म्हणून पुढे गेले. ते करडं जॅकेट शोधत होते. तिने ते काढून गवतात लपवलं होतं.

मी धापा टाकत पोचले. ओरडायचं होतं, मिठी मारायची होती, दोन्ही एकदम जमेना. शेवटी गवतात फतकल मारून बसले आणि विचारलं, "इथे का येऊन बसलीस?"

"तू सकाळपासून दिसली नाहीस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तू रोज दिसतेस ना. पायरीवरून. दुसरीकडून कुठूनच दिसत नाहीस, मधे झाडं येतात. मी सगळीकडे बसून बघितलं. बाबांनी बोलायचं नाही म्हटलंय, बघायचं नाही असं नाही म्हटलेलं."

दादा, मी या धंद्यात केस पांढरे केले. त्या पायरीचं कौतुक मी लोकांना केवढं ऐकवलं. दगडाची उंची बरोबर आहे, बाजूला टेकायला भिंत आहे, पुढे पाणी आहे, वारा अंगावर येत नाही. माणसाला निसर्ग कसा सावरतो, याचा हा जिवंत पुरावा, असं मी माईकवर बोलले. आणि पोर तिथे बसत होती, कारण समोरच्या काठावर मी होते. तिचं जे काही आतून सुटत चाललं होतं, ते ती मला बघून धरून ठेवत होती. मला पत्ता नाही. बसणाऱ्या प्रत्येकाचा मी ठिपका काढला, माझा काढला नाही. आमच्यात कोणीच काढत नाही. बघणारा कागदाच्या बाहेर असतो, असं आम्ही धरून चालतो. त्या नकाशात मीच नव्हते, मग तो मला कसा कळावा?

आणि तिथे मी बांबू लावणार होते. चारही बाजूंनी, दाट.

मला आता लिहवत नाही. ती झोपेत कुशीवर वळली तरी मी उठून बघून येते.


१० मार्च

दादा,

फलक लागला त्याच दिवशी अंधार पडायच्या आत उतरला, हे मागच्या पत्रात राहून गेलं. कुलसचिवांनी स्वतः खाली उभं राहून उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी भिंगरीची माफी मागायला आले. काय बोलावं ते न सुचून त्यांनी तिला विचारलं, तुला कारंजं आवडेल का. ती हसली. खरंच हसली, दात दिसले. माणूस वाईट नाही. त्याला फक्त कारंजं हवंय.

नवा आराखडा काढला. बांबूवर काट मारली. आता तळ्याभोवती बसायच्या जागा आहेत त्या समोरासमोर. इथे बसलेल्याला तिथला दिसेल, पण त्याच्याशी बोलता येणार नाही एवढं पाणी मधे. बोलायला लांब, दिसायला जवळ. समितीत एकाने विचारलं, मग यात एकांत कुठे राहिला? समुपदेशक बाई म्हणाल्या, "एकटं बसू द्यायचं आहे, एकटं पडू द्यायचं नाही." बाकीच्यांनी मान हलवली. मी त्यांच्यासमोरच लाल पेन्सिल घेऊन झाडांखाली माझा ठिपका काढला. त्यांना वाटलं असेल, बाईंचं काही तरी चुकलं होतं ते दुरुस्त करताहेत. तसंच होतं ते.

आता तुझ्याविषयी. नकाशा पोचला, हे मला कळलंय. तो फ्रीजवर वेळापत्रकाशेजारी लागलाय आणि तू पाणी प्यायला म्हणून जातोस तो फ्रीजचं दार उघडं टाकून तिथेच उभा राहतोस, हेही कळलंय. आई म्हणते, भाजी खराब होईल. काल माझ्या फोनवर तुझा मिस्ड कॉल होता. मी त्या क्षणी उलट लावला, तू उचलला नाहीस. एवढी वर्षं आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं की तू रागावलेला आहेस. मला आता वाटतं, तू घाबरलेला आहेस. वहिनी गेली तेव्हापासून. पोरीला कोणी हात लावला तर तीही जाईल, अशा भीतीने तू दार लावून घेतलंस. चुकत असेन तर तसं लिही. चारच शब्द लिही, पण लिही.

मी फार घाबरले होते त्या दुपारी. तुझ्याहून कमी नाही. एवढं तरी तुझ्या-माझ्यात एकसारखं आहे.

तिला दिलेला शब्द मी अजून धरून आहे. जे सांगायचं ते मी सांगणार नाही. टाकण्याआधी प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेवला होता, ती सगळी पत्रं मी तिला वाचून दाखवली. नकाशा पाठवला हे ऐकून ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी म्हणाली, खाली थोडी जागा सोड, मी लिहिते. मी सोडते आहे. तिने काय लिहिलं ते मी वाचणार नाही. पाकीट तीच बंद करणार आहे.

तुझी
माळीणबाई


बाबा,

डिसेंबरची परीक्षा मी दिली नाही. एकही पेपर दिला नाही. फोनवर तुम्हाला चांगले गेले म्हणाले ते खोटं होतं. वर्गाच्या दारापर्यंत जाते, पण आत पाय टाकला की श्वास पुरत नाही. का ते मला माहीत नाही. तुम्ही विचाराल आणि मला सांगता येणार नाही, म्हणून सांगितलं नव्हतं.

बाई म्हणतात बरं वाटेल, वेळ लागेल. मी रोज त्यांच्याकडे जाते.

तुम्ही या. खोलीवर येऊ नका आणि सामान बांध म्हणू नका. वाचनालयाच्या मागे तळं आहे तिथे या. झाडांखाली आत्या बसलेली असते. तिच्या स्टुलाशेजारी मी अजून एक स्टूल ठेवलं आहे, त्यावर बसा. आधी काही बोलू नका, तिच्याशी भांडूही नका. मी समोर पायरीवर असेन. तुम्ही दिसलात की मी निघेन. तळ्याला वळसा घालून यावं लागतं, त्याला थोडा वेळ लागतो. तोवर उठून जाऊ नका.